फरशीपलीकडचा निरोप

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही "आहे" म्हणायला जीभ रेटत नाही. मी शहादा तालुक्यातल्या कापूस-ऊसवाल्या घरातली, बी.एस्सी. झालेली आणि नोकरीने तलाठी. आता पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतंय? तर आमचं कामच पंचनाम्याचं. "ऐकलं" ते वेगळं, "पाहिलं" ते वेगळं, आणि कागदावर फक्त पाहिलेलं घ्यायचं हे पहिल्या दिवसापासून अंगात मुरलेलं. या ग्रुपवर तीनेक वर्षं नुसती वाचते आहे. बऱ्याच अनुभवांना मनातल्या मनात हसलेही आहे... माफ करा. आज लिहिते आहे ते नवरा मागे लागला म्हणून. "एकदा लिहून मोकळी हो," म्हणाला.

माणसांची आणि गावाची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

माझ्याकडची गावं नवापूर तालुक्यात, गुजरात बॉर्डरला लागून. मुख्य गाव डांबरी रस्त्यावर, त्याला वाकीपाडा म्हणू. तिथून दोन किलोमीटर आत खालची फळी. फळी म्हणजे वस्ती — चौदा-पंधरा घरं, मावची बोलणारी, भात लावणारी माणसं. दिवाळीनंतर त्यातली निम्मी गुजरातेत ऊसतोडीला जातात. गाव आणि फळीच्या मध्ये नाला, नाल्यावर फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. फळीच्या डोक्यावर पाझर तलाव. फळीतली जिल्हा परिषदेची शाळा नाल्याच्या अगदी काठाला, आणि फळीच्या मागे टेकडीवर आश्रमशाळा. आश्रमशाळेला पलीकडून दुसरा रस्ता आहे, पण आमच्याकडून गेलं तर तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा. फळीत मोबाईलला रेंज नाही. फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते.

दिवाळी पंधरा दिवसांवर होती, भात कापणीला आलेला. अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालं आणि ते सुरतच्या अंगाने आत येणार असा इशारा आला. आमच्याकडे वादळ म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. समुद्र कुठे, आम्ही कुठे. वाऱ्याने दोन-चार पोल्ट्रीचे पत्रे उडतील एवढंच लोकांना वाटत होतं. भीती पावसाची होती. तलाव पावसाळ्यातच तुडुंब झालेला, सांडव्यावरून पाणी चालूच होतं, आणि त्यावर दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेईना.

आता हिरामण नानांबद्दल. नाना आमचे कोतवाल. कोतवालांनाही आता महसूल सेवक म्हणतात, पण नानांना ते कधी पचलं नाही. "सेवक तं देवना ऱ्हास ताई, आपू कोतवाल," म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढे. मूळचे नंदुरबारकडचे, लग्नानंतर सासुरवाडीला वाकीपाड्यात स्थिरावलेले. बोलणं अस्सल अहिराणी. माझ्याशी अहिराणी, तहसीलदार साहेबांशी अहिराणी, आणि फळीतल्या लोकांशी अहिराणीत मावची कालवलेलं काहीतरी, ज्यावर तिथल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पंचवीस वर्षांत नानांनी शुद्ध मराठीत एक वाक्य बोललेलं कोणी ऐकलं नसेल. नोटीस वाचून दाखवायची असली तरी आधी मनात वाचायचे आणि मग आपल्या भाषेत सांगायचे.

त्या दिवशी सकाळी पावणेआठला तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातून मेसेज आला. तलावांखालच्या सगळ्या वस्त्या दहाच्या आत हलवा, फोटोसह अहवाल टाका. माझ्याकडे तीन गावं. पोलीस पाटील सुरतेला दवाखान्यात ॲडमिट. ग्रामसेवक दुसऱ्या गावात अडकलेले. मी नानांना म्हटलं, "नाना, खालच्या फळीला तुम्ही जाता का? मी इकडची नदीकाठची घरं रिकामी करते. सगळ्यांना तिथल्या शाळेत बसवा."

आपत्ती आराखड्याच्या यादीत निवारा म्हणून तीच शाळा होती. मी यादी वाचली आणि बोलले... विचार केला नाही.

"फरशीवर पानी शे," नाना म्हणाले, "पन घोटाइतलंच. मी आत्ते जाईसन येस."

पिवळा रेनकोट घातला, मोटारसायकलला किक मारली आणि गेले. आठ दहा झाले होते. त्यांची गाडी वळणाआड जायच्या आत मी तालुक्याच्या कामाच्या ग्रुपवर टाइप केलं — "खालची फळी : स्थलांतर सुरू." ती ओळ तेव्हा खोटी होती. वाटलं, अर्ध्या तासात खरी होईल. ग्रुपवर बाकीचे "सुरू", "पूर्ण" असं टाकत होते, मीही टाकलं.

साडेनऊच्या सुमारास आमच्या वाकीपाड्याच्या शाळेच्या अंगणात पाणी आलं. ही शाळा तर फळीतल्या शाळेपेक्षा उंचावर आहे. मी कक्षाला फोन केला. तिथून सांगितलं, फळीचे लोक आश्रमशाळेत हलवा. नानांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. मग मेसेज लिहिला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, शब्दाला शब्द देते :

"नाना, शाळेत कुणालाही ठेवू नका. शाळा खाली आहे. सगळ्यांना वर आश्रमशाळेत न्या. नाल्याच्या वाटेने नको, मागच्या टेकडीवरून चढवा. सोमीबाईंना खाटेसकट उचला. गुरांसाठी कुणीही परत फिरू नये."

वेळ नऊ छत्तीस. एकच टिक. सोमीबाई म्हणजे फळीतली अंथरुणाला खिळलेली म्हातारी. तिच्या कागदांसाठी मी घरी जाऊन आलेले, म्हणून नाव आठवलं. वाटलं, नाना रेंजसाठी टेकडीवर चढले तर वाचतील.

पावणेअकराला विलास धावत आला. विलास आणि त्याचा भाऊ यांचं शेत फरशीला लागून आहे. चिखलाने माखलेला, पायात चप्पल नाही.

"मॅडम... नाना गेले."

"कुठे गेले?"

"पाण्यात. सकाळीच."

तुटक तुटक त्याने सांगितलं ते असं. साडेआठच्या आत नाना फरशीवर आले. गाडी जेमतेम तिसरा हिस्सा गेली असेल, तेवढ्यात वरून एकदम लोंढा आला आणि गाडीसकट नानांना घेऊन गेला. दोघे भाऊ काठाकाठाने पळाले. दोन-अडीचशे पावलं खाली, प्रवाहाच्या मधोमध एका करंजाच्या झाडात नाना अडकलेले दिसले. तोंड पाण्यात होतं. दोघांनी हाका मारल्या, दोर टाकून बघितला, एकदा विलास स्वतः उतरला तर भावाने ओढून काढला. दोन तास ते तिथेच होते. नाना हलले नाहीत.

"मग आधी का नाही आलास रे?" मी ओरडले त्याच्यावर.

"सोडून कसं येऊ मॅडम? नाना होते ना तिथे..."

मी त्याच्याबरोबर नाल्यावर गेले. आणि मी पाहिलं. हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. करंजाच्या फांद्यांमध्ये तो पिवळा रेनकोट, पाण्याबरोबर वरखाली होणारा एक हात. विलासचा भाऊ काठावर उकिडवा बसला होता. आम्हाला बघून उठलाही नाही.

तिथे उभी असताना दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. नाना पोचलेच नाहीत, म्हणजे फळीला कुणी सांगितलेलंच नाही. ती सगळी माणसं घरातच आहेत, आणि ग्रुपवर माझ्या नावाने लिहिलेलं आहे, "स्थलांतर सुरू."

कक्षाला फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं. बचाव पथक निघालेलं होतं, पण रस्त्यात झाडं पडलेली. किती वेळ लागेल सांगता येत नाही म्हणाले. फोन चालू असतानाच वरच्या बाजूने आवाज आला. डोंगरात सुरुंग लावतात ना, तसा, पण लांबत गेलेला. विलास ओरडला, "बांध गेला!" आम्ही तिघे चढाकडे पळालो. मागे वळून बघितलं तेव्हा नाल्यात पाणी नव्हतंच, मातीची भिंत चालत होती. करंजाचं झाड मुळासकट गेलं. नाना गेले. मग मागून फळी यायला लागली... कुडाच्या भिंती, कौलं, भाताचे भारे, चौकटीसकट एक दार, दाव्याला बांधलेली गाय. अकरा वाजून दहा-बारा मिनिटं झाली असतील.

मी त्या चढावर चिखलात बसले. रडले नाही. फक्त घरं मोजत होते, एकेका घरात किती माणसं ते आठवत होते. सोमीबाई. अंगणवाडीची रमिला आणि तिची तान्ही मुलगी. सत्तरच्या आसपास माणसं. सगळ्यांना मी मारलं असं स्वच्छ वाटत होतं.

अकरा चाळीसला फोन वाजला. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक.

"मॅडम, खालच्या फळीची माणसं आमच्याकडे पोचलीत. बायका-पोरं सगळी. ती सोमीबाई म्हणून आजी आहे, तिलाही खाटेवर घालून आणलंय. एकच माणूस कमी आहे, गोमजी. बैलांसाठी परत खाली पळाला, कुणाला आवरला नाही. त्याचं काय झालं कळत नाही."

"सर, त्यांना सांगितलं कुणी?"

"कोतवाल आले होते ना तुमचे. हिरामण."

"कधी?"

"दहाच्या पुढे म्हणतात. ते कुठे राहिले? त्यांच्यासाठी चहा ठेवलाय म्हटलं, पण वर आलेच नाहीत."

मी फोन ठेवून दिला. सरांना काही सांगितलं नाही.

नाना दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, फरशीपासून तीन किलोमीटर खाली, बांबूच्या बेटात. गोमजी तिसऱ्या दिवशी, त्याच बाजूला. दोन्ही पंचनामे मीच लिहिले. फळीत एकही भिंत उभी नव्हती. शाळेचा नुसता चौथरा राहिला होता. जुन्या यादीप्रमाणे त्या शाळेत माणसं बसवली असती तर... असो.

मग वळशाच्या रस्त्याने आश्रमशाळेवर गेले. फळीतल्या लोकांशी बोलायचं तर मला रमिला लागते. ती अंगणवाडी सेविका, बारावी शिकलेली, मराठी चांगलं बोलते. नाना गेल्याचं तोवर सगळ्यांना कळलं होतं, पण त्यांची समजूत अशी की निरोप देऊन परत जाताना ते वाहून गेले. मीही तसंच असेल म्हणून धरून चालले होते. म्हणजे, तसं व्हावं अशी आशा करत होते. विलास आणि त्याच्या भावाची वेळ चुकली असेल... पण मग अकराच्या आत मी स्वतः पाहिलं ते?

"किती वाजता आले गं?" मी विचारलं.

रमिलाने प्लास्टिकच्या पिशवीतून अंगणवाडीचं रजिस्टर काढलं. घर गेलं, भांडी गेली, पण बाईने रजिस्टर आणलं होतं. त्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं — "१०.२० कोतवाल आले. गाव खाली करणे." नाना तिच्या घरासमोरून पुढे गेले तेव्हाच मोबाईलमध्ये वेळ बघून लिहिलं होतं तिने.

दहा वीसला नाना त्या करंजात होते. दोन माणसं त्यांच्यावरून नजर न काढता उभी होती.

"काय म्हणाले नेमकं?"

"आवाज आला म्हणून बाहेर आले मी," रमिला म्हणाली. "नाना शेताच्या बांधावर उभे होते, पिवळ्या कोटात. मी म्हटलं, नाना आत या, भिजताय. आले नाहीत. कुणाच्याच ओट्यावर चढले नाहीत. प्रत्येक घरासमोर उभे राहून तेच तेच बोलले. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, गाडी कुठाय? तर म्हणाले, गाडी फरशीवर राहिली."

मी विचारलं, "तेच तेच म्हणजे काय?"

"म्हणाले, शाळेत कुणालाही ठेवू नका. शाळा खाली आहे." रमिला थांबली. "मॅडम, आम्हाला त्याचंच नवल वाटलं. नाना असं कधी बोलत नाहीत. पुस्तकातलं वाचल्यासारखं बोलत होते. हसायला पण नाही आलं कुणाला. सगळ्यांना वर आश्रमशाळेत न्या. नाल्याच्या वाटेने नको, मागच्या टेकडीवरून चढवा. सोमीबाईंना खाटेसकट उचला... सोमी आजीला 'सोमीबाई' कोण म्हणतं आमच्यात? गुरांसाठी कुणीही परत फिरू नये, हे तर गोमजी काकाच्या दारात दोनदा बोलले."

मी फोन उघडून मेसेज तिच्यापुढे धरला. तिने वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग फोन माझ्या हातात देऊन तान्हीला उचलून छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून बसली.

"हेच," एवढंच म्हणाली.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. पिवळ्या रेनकोटातला दुसरा कुणी? त्या दिवशी फरशी कुणीच ओलांडू शकलं नाही, आणि आश्रमशाळेकडून कुणी खाली उतरलं नव्हतं. आश्रमशाळेचं ठरलंय हे कक्षाला माहीत होतं, पण खाटेचं आणि गुरांचं फक्त मी लिहिलं होतं, आणि फक्त नानांना. नानांचा फोन आजवर सापडला नाही. माझा मेसेज पोचल्याची खूण कधी आली नाही. फळीतल्या नऊ जणांना वेगवेगळं बसवून विचारलं. थोडे शब्द इकडेतिकडे, पण मजकूर तोच.

अहवालात एक रकाना असतो, धोक्याची सूचना कुणी व किती वाजता दिली. मी नानांचं नाव आणि दहा वीस ही वेळ लिहून नेली. तहसीलदार साहेब चांगला माणूस आहे. शांतपणे म्हणाले, "मॅडम, मृत्यूची वेळ तुम्हीच साडेआठ लिहिली आहे. दोन्ही एका कागदावर कसं जाईल? धक्क्यात माणसं वेळ चुकतात." मी वेळ खोडून "सकाळी" लिहिलं. आणि आठ दहाच्या माझ्या त्या "सुरू"बद्दलही सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, पण काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नानांच्या बायकोला सगळं गाव नानी म्हणतं. तेरावं झाल्यावर नानी माझ्याकडे आल्या. "ताई, माले तठे ली चला. तेस्ले जेस्नी शेवट देखं, तेस्ना संगे बोलनं शे." ज्यांनी नानांना शेवटचं पाहिलं त्यांच्याशी बोलायचं होतं त्यांना, मी नाही कसं म्हणणार? आश्रमशाळेच्या दोन खोल्यांत फळीची माणसं अजून राहत होती. बायका नानींच्या भोवती बसल्या. कुणी पाणी दिलं, कुणी नुसता हात धरला. सोमीबाईने खाटेवरूनच मावचीत काहीतरी पुटपुटत नानींच्या डोक्यावरून हात फिरवला.

नानींनी एकच विचारलं. "तेस्नी मन्हं नाव लिधं का?"

रमिलाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "नाही नानी, नाव नाही घेतलं. घाईत होते."

नानींनी मान हलवली. "कामवर गयात का तेस्ले घर याद ऱ्हाये नही," त्या म्हणाल्या. अगदी रोजचं गाऱ्हाणं सांगावं तशा.

आणि रमिला बोलून गेली. तिचा काही दोष नाही, तिला वाटलं सांगायला हवं. "शेवटी मात्र नेहमीसारखं बोलले होते नानी, त्यांच्या बोलीत. सगळे टेकडी चढायला लागलो तेव्हा मी मागे वळून बघितलं. खाली एकटेच उभे होते. मला म्हणाले, 'ताईले सांगजो, सगळा निंघी गयात.'"

हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मेसेज वाचल्यावर बिचारीला पुढचं काही सुचलंच नसेल. मला नानींकडे बघवेना.

परतीच्या रस्त्यावर जीपमध्ये नानी खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर आडवा झालेला भात कुजत होता, त्याचा वास आत येत होता. वाकीपाड्याचा फाटा आला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"तुम्हले तरी सांगीसन गयात."

मी त्यांना घराशी सोडलं. दार लोटेपर्यंत उभी राहिले.

यात कुठे चूक असेल, एखादा दुवा माझ्याकडून सुटला असेल, तर सांगा. खरंच सांगा, मी वाद घालणार नाही. कारण मला यातलं काहीच सोडवता आलेलं नाही. त्या सकाळी दहा वीसला फळीत कोण उभं होतं ते मला माहीत नाही. आणि नानींना त्या वाक्यावर काय म्हणायला हवं होतं, तेही मला अजून कळलेलं नाही.